आजारात चुकलेला नेम

गेल्या माघी एकादशीची गोष्ट. आमच्या देऊळघाटी हरिपाठ आटोपून मंडळी घरोघर निघाली असता एक जुने माळकरी काठी टेकीत आमच्याजवळ येऊन बसले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग त्यांनी मनातले काढले.

"महाराज, एक विचारू का? चोवीस वर्षं झाली, आषाढी कधी चुकू देली नाही. औंदा पायाचं हाड मोडलं आन् घरीच पडून राह्यलो. नेम मोडला. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं काय?"

आम्ही म्हटले, "पांडुरंग काय शाळामास्तर आहे की तो हजेरीपट घेऊन बसेल?" ते हसले, आजूबाजूचे चारजण हसले, आणि काठी टेकीत ते निघून गेले. परंतु वाचकहो, खरे सांगावयाचे तर हे उत्तर हशा मिळवणारे होते, समाधान देणारे नव्हते. ते जाताना हसत होते, पण त्यांच्या पाठीकडे पाहून आम्हास कळले की त्यांचे ओझे उतरलेले नाही. आणि ते उतरणार तरी कसे? तेच ओझे वर्षभर आमच्याही डोक्यावर होते. म्हणून त्या माळकऱ्यांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज या पानांतून देण्याचा प्रयत्न करतो. संतांच्या पायाशी बसून जेवढे सुचले तेवढे सांगतो. अधिक-उणे सज्जनांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम आमची हकीकत थोडक्यात. वैशाख सरता सरता आम्हास ताप भरला. चार दिवस काढा-चाटण झाले. पाचव्या रात्री श्वास लागेना. शेजारच्या चाचांनी आपली जीप काढली आणि मध्यरात्री आम्हास बुलढाण्यास नेऊन दवाखान्यात घातले. दोन्ही फुप्फुसांस न्यूमोनिया झाला होता. बावीस दिवस तेथे गेले. त्यांतील पहिले सहा-सात दिवस आम्हास आठवत नाहीत. ज्या नाकातोंडाने चाळीस वर्षे हरिनाम घेतले त्यावर प्राणवायूची नळी लावली होती, आणि 'विठ्ठल' हा तीन अक्षरांचा शब्द एका श्वासात पुरा होत नव्हता. मुक्ताबाईंची पालखी दरसाल ज्येष्ठात मलकापूर, मोताळ्याकडून बुलढाण्यावरून पुढे चिखलीकडे जाते. आजवर आम्ही तिला सामोरे गेलो. यंदा पालखी त्याच गावातून गेली आणि आम्ही त्याच गावात खाटेवर पडून होतो. पुढे आषाढी गेली. पायी वारी चुकली, चातुर्मासातील प्रवचने चुकली, सप्ताहाचे कीर्तन चुकले. रोजचा हरिपाठही कित्येक दिवस कोणीतरी कानाशी म्हणावा आणि आम्ही नुसते ऐकावे, इतकेच झाले.

आता प्रश्न असा की, हा नेम मोडला काय?

शास्त्राचे उत्तर सोपे आहे. धर्मशास्त्रकारांनी आजारी, बालक, वृद्ध, गर्भिणी यांस व्रतनियमांच्या बाबतीत मोकळीक दिली आहे. एकादशीचा निराहार ज्यास सोसत नाही त्याने दूध-फळे घ्यावी, औषध घेतल्याने उपवास मोडत नाही, हे लहानपणी पाठशाळेत आम्हास शिकविले गेले आणि आम्ही ते शेकडो लोकांस सांगितले. परंतु स्वतःवर पाळी आल्यावर आमच्या ध्यानात आले की शास्त्राने दोष नाही म्हटले, तरी मनाची रुखरुख जात नाही. न्यायाधीशाने आरोपीस निर्दोष सोडावे आणि आरोपीने मात्र घरी जाऊन रडावे, तसे हे होते. याचा अर्थ, प्रश्न दोषाचा नव्हताच. मग कशाचा होता?

खाटेवर पडल्यापडल्या याचा विचार पुष्कळ झाला. आम्हास जे आढळले ते सांगण्यास लाज वाटते, पण सांगतो. आम्हास दुःख पांडुरंगाचे दर्शन चुकल्याचे थोडे होते आणि 'आमची' वारी चुकल्याचे पुष्कळ होते. चाळीस वर्षांत आकडा वाढत गेला होता, आणि त्या आकड्यावर आमचा जीव जडला होता. सावकाराने तिजोरीतल्या मोहरा मोजाव्या तशा आम्ही वाऱ्या मोजीत होतो. एक मोहोर कमी भरली म्हणून कासावीस झालो. जो नेम अभिमान घालविण्यासाठी धरला त्याचाच अभिमान कधी झाला, ते कळले नाही. आजार आला नसता तर कदाचित मरेपर्यंत कळले नसते.

मग नेम म्हणजे काय? आमच्या अखंड हरिनाम सप्ताहातील वीणेकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर सापडते. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाची नाही, हा सप्ताहाचा दंडक. पण एकाच माणसाने सात दिवस वीणा गळ्यात घेऊन उभे राहावे असे कोणी म्हणत नाही. पहारे लावलेले असतात. आपला पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, पहिल्याच्या गळ्यातून वीणा काढून आपल्या गळ्यात घालतो. नामाचा धागा तुटत नाही. पहिला घरी जाऊन झोपतो; म्हणून त्याने सप्ताह मोडला असे होते काय? रात्री दोन वाजता एखाद्या पहारेकऱ्यास भोवळ आली आणि शेजारच्याने धावत येऊन वीणा धरली, तरीही अखंडपणा भंगला असे कोणी म्हणत नाही. अखंड असते ते नाम. वीणेकरी अखंड नसतो, कधी नव्हता.

हेच वारीचे आहे. वारी म्हटली म्हणजे ती लाखोंची. कोणी यंदा प्रथमच निघतो, कोणी गेल्या साली अखेरचा गेलेला असतो, कोणी बाळंतपणामुळे थांबते, कोणी पेरणी लांबली म्हणून मागे राहतो. २०२० साली महामारीने तर पायी पालख्याच निघू दिल्या नाहीत. मानाच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या गाडीतून दशमीला पंढरपुरास पोहोचल्या. २०२१ सालीही तेच झाले. त्या दोन वर्षी ज्यांनी आपापल्या दारात तुळशीपुढे उभे राहून टाळ वाजविला, त्यांची वारी चुकली असे आम्ही कोणाच्या तोंडून ऐकले नाही. २०२२ साली वाट पुन्हा मोकळी झाली तेव्हा जो तो पहिल्याच उत्साहाने निघाला. कोणी एकपासून मोजले नाही. सर्वांची मिळून चुकली तेव्हा जे आम्हास उमगले, ते एकट्याची चुकली तेव्हा का उमगू नये?

आणि आपल्या संप्रदायाने हे आज नव्याने शिकावयाचे आहे असेही नाही. कूर्मदासाची कथा आपण सारे जाणतो. हातपाय नसलेला तो भक्त पैठणाहून सरपटत निघाला. लऊळापर्यंत आला आणि कार्तिकीची वेळ भरत आली. पुढे जाणे होईना. कथा सांगते की, तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीस लऊळास गेला. त्याच माढे तालुक्यात अरण आहे. तेथील सावता महाराजांनी आपला मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही, आणि त्यांच्या भेटीस देव आला अशी परंपरा आहे. आम्ही या कथा कीर्तनात किती वेळा लावल्या असतील! पण लावताना आमचे सारे लक्ष असे तो चमत्काराकडे. खाटेवर पडल्यावर लक्ष गेले ते कूर्मदासाच्या थांबण्याकडे. जेथवर शक्ती होती तेथवर तो आला, आणि शक्ती संपली तेथे थांबला. थांबल्याची लाज त्याने बाळगली नाही. वारकऱ्याला चालणे शिकवावे लागत नाही. थांबणे मात्र शिकावे लागते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आमचा नेम आजाराने चुकला, त्याची हळहळ साऱ्या गावाने केली. जो भेटावयास येई तो म्हणे, "अरेरे, महाराजांची वारी राहिली!" पण आमच्या सौभाग्यवतींचीही वारी राहिली होती. त्यांचीही एकोणतीस वर्षांची होती. त्या बावीस दिवस दवाखान्याच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपल्या, घरी आल्यावर तीन महिने दर दोन तासांनी पेज, औषध, गरम पाणी करीत राहिल्या. हरिपाठाच्या वेळी त्या चुलीपाशी असत. त्यांच्या नेमाबद्दल एकानेही हळहळ केली नाही. आणि सांगावयास शरम वाटते, आम्हीही केली नाही. एके दिवशी आम्हीच कण्हत म्हणालो, "यंदा माझी पंढरी राहिली." त्या पेज ढवळीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अहो, पुंडलिकानं काय केलं होतं?"

इतकेच. आम्ही गप्प झालो. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, देव दारात आला, आणि त्याने देवास थांबावयास लावले. वीट पुढे सरकवली. ज्या पंढरीला जाता आले नाही म्हणून आम्ही रडत होतो, ती पंढरीच मुळी अशा एका सेवेतून उभी राहिली. आजाऱ्याची शुश्रूषा करणारीचा नेम चुकत नाही. तो त्या विटेच्या अधिक जवळ असतो. आपल्या कित्येक घरांत एखाद्या सुनेची, लेकीची, थोरल्या भावाची वारी अशी दुसऱ्याच्या खाटेपाशी होत असते. पुढील वर्षी पालखी येईल तेव्हा त्यांच्याही पायाला हात लावावा, एवढे आम्ही वाचकांस विनवितो.

येथवर पहिल्या प्रश्नाचे झाले. दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. बरे वाटू लागले; आता सेवेस परत यावे केव्हा?

या ठिकाणी आमची चूक झाली ती स्पष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्याची टळेल. श्रावणात शेजारच्या एका गावी सप्ताह होता. काल्याचे कीर्तन दरसाल आमचे. ताप जाऊन दीड महिना झाला होता. घरात चालतो-फिरतो आहोत, मग काय हरकत आहे, असे आम्हास वाटले. डॉक्टरांनी फुप्फुसाचे चित्र उजेडावर धरून दाखविले होते आणि सांगितले होते, "महाराज, ताप आठ-दहा दिवसांत जातो, पण ही जी सावली दिसते ना, ती आपल्या वयाला जायला दोन-तीन महिने लागतात. बाहेरून बरे दिसाल, आतून नसाल." सौभाग्यवतींनी विरोध केला. आम्ही म्हणालो, "पांडुरंगाच्या सेवेत देह पडला तर सोने होईल." हे वाक्य ऐकावयास फार गोड लागते. गेलो. उभे राहिलो. तिसऱ्या चालीलाच दम उखडला. अर्ध्या कीर्तनात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि टाळकऱ्यांनी आम्हास धरून खाली बसविले. हजार माणसे काल्यासाठी बसलेली, दहीहंडी बांधलेली, सगळे स्तब्ध. मागे टाळ धरून उभा असलेला एक तरुण पुढे झाला, आमच्या पाया पडला आणि जेथे आमचे शब्द थांबले होते तेथून त्याने निरूपण उचलले. काला नीट पार पडला. आम्ही मात्र पुन्हा पंधरा दिवस तापाने अंथरुणावर.

देह पडला तर सोने होईल! पण आमच्या देहाने सोने झाले नाही, चार लोकांच्या जिवाला घोर लागला. दोघांनी कीर्तन ऐकावयाचे सोडून गाडी शोधली. घरच्या माणसाच्या तीन महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडले. दिंडीत चालणाऱ्यांस हे सांगावयास नको. एकजण हट्टाने अंगात ताप घेऊन चालतो, तो एकटा पडत नाही. त्याच्यासाठी दिंडी थांबते. भक्तीच्या नावाने आपण जो हट्ट करतो त्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी देत असतो. 'देह देवाचा' असे म्हणावयाचे आणि तो आपल्या मालकीचा असल्यासारखा उधळावयाचा, यात कोठेतरी खोट आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू आपण जपून वापरतो; देह तर त्याहून मोठी ठेव आहे.

आयुर्वेदाने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. चरकाचार्य ज्वराच्या प्रकरणात बजावतात की, ताप गेला तरी अंगी बळ येईपर्यंत व्यायाम करू नये, फार हिंडूफिरू नये; नाहीतर गेलेला ज्वर परत फिरतो. आम्ही हा भाग तरुणपणी वाचला होता, पण चालू नये हा उपदेश वारकऱ्याच्या पचनी पडतो कोठे! शोधनानंतर खाणे कसे वाढवावे याचाही त्यांनी क्रम दिला आहे: आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग कढण, आणि अशा पायऱ्यांनी नेहमीचे जेवण. यासाठी त्यांनी दृष्टांत दिला आहे तो आपल्या चुलीचाच. विझत आलेला विस्तव गवताची काडी, शेणाचा भुगा असे हलके हलके घालून फुलवावा, म्हणजे तो मोठा होऊन सारे पचवू लागतो. एकदम मोठे लाकूड टाकले तर विझतो. आम्ही ठिणगीवर काल्याच्या कीर्तनाचे ओंडके टाकले होते.

परंतु वाचकहो, या नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर हे लिहिणे एकांगी होईल. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तास विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिला व्याधी. व्याधीच्या पाठोपाठ दुसरा आहे स्त्यान, म्हणजे मनाचे जडत्व, काही करू नये असे वाटणे. मग संशय, प्रमाद, आलस्य असे ओळीने येतात. आणि अगदी शेवटचा आहे अनवस्थितत्व, म्हणजे मिळविलेल्या जागेवर टिकता न येणे. ही यादी पाठ तर आम्ही सोळाव्या वर्षीच केली होती. पण तिचा क्रम आम्हास आजारानंतर समजला. व्याधी जाते आणि स्त्यान मागे राहते. श्रावणातल्या फजितीनंतर आम्ही अगदी उलट टोकास गेलो. भाद्रपदात, आश्विनात पडून राहण्याची गोडी लागली. लोक फळे घेऊन येत, पाय चेपीत. कोणी काम सांगत नसे. "महाराज, घाई कायले करता? आराम करा," असे म्हटले की बरे वाटे. आजाराचेही एक सिंहासन असते, आणि त्यावर बसलेल्यास खाली उतरावेसे वाटत नाही.

मग खरा विश्राम कोणता आणि आळस कोणता, हे ओळखावे कसे? आम्हास जी खूण सापडली ती अशी: जे काम आपल्याला झेपते पण ज्यात मान नाही, ते करावयास मन तयार आहे काय? कीर्तन झेपत नाही हे खरे. पण महाप्रसादाची डाळ निवडणे झेपते. मुलांचा हरिपाठ ऐकून चूक दाखविणे झेपते. बसून टाळ धरणे झेपते. यास मन राजी असेल तर आपली विश्रांती खरी. आणि 'करीन तर काल्याचे कीर्तन करीन, नाहीतर पडून राहीन' असे मन म्हणत असेल, तर समजावे की अहंकार आणि आळस एकाच पांघरुणात निजले आहेत. आमचे तसेच होते.

या बाबतीत आम्हास एका थोर पुरुषाच्या चरित्राने फार आधार दिला. १९३८ साली विनोबा भाव्यांची प्रकृती अगदी खालावली. वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी त्यांस हवापालट करावयास सांगितले, तेव्हा ते वर्ध्याजवळ पवनारास, धाम नदीकाठी जमनालाल बजाजांच्या बंगल्यात येऊन राहिले. नदी ओलांडताना त्यांनी मनाने मागच्या सर्व कामांचा संन्यास केला. आश्रमाची, संस्थांची काळजी नदीच्या अलीकडच्या तीरावर ठेवली. हा झाला विश्राम. पण मग ते नुसते पडून राहिले नाहीत. हाती कुदळ घेऊन शेतात खणू लागले. पहिल्या दिवशी किती? अवघी पाच मिनिटे. मग रोज थोडेथोडे वाढवीत ते दोन तासांपर्यंत गेले. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले. त्याच खणण्यात भूमीतून राम-भरत भेटीची जुनी मूर्ती निघाली, ती आजही पवनारास पाहावयास मिळते. पुढे १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून तेच निघाले, आणि १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी चालले. एके काळी ज्याच्या अंगात कुदळ धरण्याचे बळ नव्हते त्याचे हे चालणे! त्या चालण्याचे मूळ पाच मिनिटांच्या खणण्यात आहे.

त्यांचाच दुसरा प्रसंग. १९५२ च्या डिसेंबरात, भूदानयात्रेत, चांडिल येथे त्यांस जबर मलेरिया झाला. औषध घ्यावयाचे नाही, रामनाम पुरे, असा त्यांचा निर्धार होता. प्रकृती फार बिघडली तेव्हा लोकांच्या आग्रहास मान देऊन त्यांनी औषध घेतले, बरे झाले, आणि १९५३ च्या मार्चमध्ये त्याच चांडिलास सर्वोदय संमेलन भरले. आम्ही तरुण असतो तर म्हणालो असतो, निर्धार ढळला. आज म्हणतो, लोकांच्या डोळ्यांतले पाणी पाहून आपला निर्धार खाली ठेवणे हीदेखील तपश्चर्या आहे, आणि ती वरकरणी दिसत नाही म्हणून अधिक कठीण आहे.

पवनारचा धडा घेऊन आम्ही कार्तिकात काकड्यापासून सुरुवात केली. पहिले आठ दिवस नुसते मागे भिंतीला टेकून ऐकले. मग बसून टाळ धरला. एका पोराने विचारले, "महाराज, तुम्ही बसून काहून वाजवता?" पूर्वी राग आला असता. आम्ही म्हटले, "बापू, उभं राहायचं बळ अजून यायचं आहे." आणि असे म्हणताना छाती हलकी झाली. मार्गशीर्षात वीणेचा अर्धा तास पहारा घेतला. पौषात बसून प्रवचन केले. माघात कीर्तन, तेही तासाभराचे, आणि नाचण्यावाचून. पाच पावले मागे-पुढे होत असत ती आता तीन होतात. इतकेच खरे.

तिसरा प्रश्न राहिला, आणि तो सर्वांत आतला आहे. परत यावे ते कोणत्या जागी?

श्रावणात ज्या तरुणाने आमचे तुटलेले निरूपण उचलले तो आमच्याकडेच लहानपणी पाठ घेऊन पुढे आळंदीस वारकरी शिक्षण संस्थेत शिकून आलेला. आम्ही अंथरुणावर असता चार गावांनी त्यास बोलाविले. कार्तिकात आमच्या कानावर आले की काल्याचे कीर्तन पुढील सालीही त्यालाच द्यावे असे गावकऱ्यांचे मत आहे. त्या रात्री आम्हास झोप आली नाही. ज्यास आम्ही पहिला अभंग शिकविला, त्याची वाहवा आमच्या कानास बोचली. फुप्फुसाची सावली जाण्यास तीन महिने लागले. या सावलीस किती लागले ते आम्ही मोजले नाही.

तेव्हा आठवण झाली ती जोग महाराजांची. १९१७ साली त्यांनी आळंदीस ती शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२० साली देह ठेवला. अवघी तीन वर्षे त्यांच्या डोळ्यांदेखत. पण पुढच्यांनी वीणा गळ्यात घेतली, आणि शंभराहून अधिक वर्षे तेथून कीर्तनकार निघत आहेत. त्यांनी आपल्या जागेशी संस्था बांधून ठेवली असती तर आज काय राहिले असते? आपण शिकविलेला मुलगा आपल्या माघारी उभा राहतो, याचा अर्थ आपली जागा गेली असा नव्हे. आपले शिकविणे फुकट गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीणेचा पहारा संपल्यावर उतरलेला माणूस पुन्हा येतो तेव्हा तो उभ्या असलेल्याच्या गळ्यातून वीणा ओढीत नाही. रांगेत बसतो. पाळी आली की पाया पडून घेतो. पाळी आली नाही तर टाळ धरतो.

माघात आम्ही त्या तरुणास बोलावून म्हणालो, "काल्याचं कीर्तन तू कर. मी मागे टाळ धरीन." तो रडू लागला. म्हणाला, "महाराज, मले तुमची जागा नको." आम्ही म्हटले, "जागा माझी नव्हती रे. माझ्या गुरूंनी माझ्या गळ्यात घातली, तेव्हा मीही असाच रडलो होतो." हे बोलताना मन अगदी निर्मळ होते असा दावा आम्ही करीत नाही. अजून केव्हा केव्हा टोचते. पण टोचले की टाळ अधिक जोराने वाजवितो.

असो. त्या माळकऱ्यांस उत्तर द्यावयाचे होते. ते असे आहे:

बाबा, पहिल्यापासून मोजू नका आणि पंचविसापासूनही मोजू नका. मोजणेच या वेळी पंढरीच्या वाटेवर ठेवून द्या. तुमचा पहारा होता तोवर तुम्ही उभे राहिलात. हाड मोडले तेव्हा वीणा दुसऱ्यांनी धरली. ती खाली पडली नाही. तुमच्या पायाला बळ येईल तेव्हा आधी देवळापर्यंत या, मग पैनगंगेच्या काठापर्यंत, मग बुलढाण्यापर्यंत मुक्ताईला सामोरे जा. यंदा तेवढेच झेपले तर तेवढीच तुमची पंढरी. ज्यांनी चार महिने तुम्हास उचलून बसविले, त्यांस एकदा विचारा की त्यांची आषाढी कशी गेली. आणि येत्या काल्याला लवकर या. मागच्या ओळीत बसून टाळ धरणाऱ्यांत आमच्या शेजारी एक जागा आहे. ती तुमच्यासाठी राखून ठेवतो.

रामकृष्णहरी.